राणीचं 'बस'

शनिवार, नोव्हेंबर १९८२

…आणि तरी मामा म्हणतो, राणी नव्या हँडलरकडे रमणार नाही! मी शुअर आहे, रमेल. मामा महिनाअखेर रिटायर होतोय, पण सुरुंग हुंगून काढणारी त्याची कुत्री राणी आर्मीतच राहणार.

आज देवळालीला प्रॅक्टिस होती. सुरुंगाचा वास आला की राणी तिथेच बसते. नव्या हँडलरने, बलबीरने, तिला लाडाने थोपटलं, "बस, बस, हो गया." राणी पटकन बसली! बलबीर जागीच फ्रीज.

मामा हसत सुटला, "अरे, सुरंग नहीं है! मैंने मराठी में सिखाया है, बस मतलब बैठ!"

"तो मुझे भी मराठी सिखाओ, उस्ताद."

मामा राणीचे कान कुरवाळू लागला.

खऱ्या सुरुंगापाशी असा घोळ चालणार नाही. मग राणीला हिंदी शिकवायची की बलबीरला मराठी? मी म्हणतो, बलबीरलाच. मामाचं 'बस' तिच्या कानावर पडत तरी राहील. तुला काय वाटतं?