कॅमेऱ्याशेजारची खुर्ची

प्रिय इन-ग्यू दादा,

...नाही, ते ‘फोटोच तर काढायचाय, कोणालाही सांग’ मला अजिबात पटलेलं नाही. परवा फोनवर तू एवढं बोललास आणि तुझी बस आली, म्हणून आपलं भांडण अर्धंच राहिलं. उरलेलं आता पत्रात करते. पत्रात तुला मधेच ‘बरं बरं, ठेवतो’ म्हणता येत नाही.

आधीच सांगते, आई ठणठणीत आहे. रोज पहाटे टाँगयाँगच्या मार्केटात जाऊन सुक्या मासळीचा गाळा उघडते आणि आठच्या आत कोणाशी तरी भांडूनही होतं तिचं. तिला फक्त आपला दीर्घायुष्याचा फोटो काढून ठेवायचाय. तिच्या वयाच्या सगळ्याच बायका काढतायत. असा फोटो आधी काढून ठेवला की माणूस जास्त जगतं म्हणे, आणि मग कधीतरी अंत्यविधीच्या हॉलमध्ये तोच फुलांच्या मधोमध लागतो. तिची अट एकच आहे : “मला माझ्याच मानेवर ठेवा.” ती असं का म्हणते ते तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे. त्यावर येतेच.

तर मी फोटोग्राफर शोधायला निघाले. आणि दादा, मला इतकी मजा यायला लागली ना! रात्रंदिवस मी लोकांचे फोटो बघत होते. हसू खरं आहे की ‘हसा’ म्हटल्यावर आलेलं आहे, कपाळावरच्या सुरकुत्या ठेवल्यात की पुसल्यात, सगळं मला कळायला लागलं. आधी आम्ही बंदरासमोरच्या मोठ्या स्टुडिओत गेलो. पांढरा सोफा, फुकट कॉफी, भिंतीवर ओळीने म्हाताऱ्या बायका, सगळ्यांची कातडी उकडलेल्या अंड्यासारखी. आई एकेका फोटोपुढे थांबली आणि तिथल्या मुलीला म्हणाली, “काय गं, या सगळ्या सख्ख्या बहिणी का?” मुलगी म्हणाली, “नाही मावशी, आम्ही चेहरा थोडा नीट करून देतो.” आई म्हणाली, “मग माझ्या पाया पडायला आलेल्यांना कळणार कसं, की बरोबर हॉलमध्ये शिरलोय?” कॉफी मात्र तिने दोनदा घेतली.

मग ज्येष्ठांच्या केंद्रात कॉलेजची मुलं फुकट फोटो काढतात असं कळलं, तिकडे गेलो. मुलं खूप गोड होती. पण बायका चौदा आणि फोटोसाठी घालायचा सणासुदीचा हानबोक झगा एकच, गुलाबी. प्रत्येकीला तो पुढून चढवायचा आणि पाठीमागे कपड्यांचे चिमटे लावायचे. ऑयस्टर सोलणारी बोंग-रे मावशी आईच्या पुढे होती. तिने तो काढून आईच्या हातात दिला, तेव्हा अजून गरम होता. आई म्हणाली, “बोंग-रे, तू आधी गेलीस तर लोक मला म्हणतील, हिने मेलेल्या बाईचा हानबोक ढापला.” बोंग-रे मावशी म्हणाली, “आणि तू आधी गेलीस तर मी म्हणेन, माझा परत दे!” दोघी हसून हसून भिंतीला टेकल्या. फोटो तसाच राहिला.

तिसरी फोटोग्राफर मला सापडली ती दोरखंडांच्या दुकानाच्या वर. नाव प्यो दा-इन, चाळिशीची, केस स्वतःच कापल्यासारखे. दारावर पाटीसुद्धा नाही. मी यादीच घेऊन गेले होते : किती फोटो देणार, किती दिवसांत, चेहऱ्याला किती हात लावणार. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मला एवढंच विचारलं, “तुमची आई हाताने काय करते?” मी म्हटलं, सुक्या मासोळीची डोकी आणि पोटातला काळा भाग काढते, दिवसभर. “मग एक पिशवी घेऊन या. पहिल्या दिवशी मी कॅमेरा काढत नाही.” दादा, खरंच काढला नाही! दोघी खाली वर्तमानपत्र पसरून दोन तास मासोळ्या निवडत बसल्या. प्योबाईंना जमेना, तर आईने त्यांच्या हातावर चापट मारली. बाहेर पडल्यावर जिन्यातच म्हणाली, “हीच. हिला पैसे देऊन टाक.” तिथल्या तिथे मी अडीच लाख वॉन आगाऊ दिले.

आता त्या बाईंची पद्धत ऐक. त्या कोणाला लेन्सकडे बघायलाच सांगत नाहीत. म्हणतात, काचेकडे बघून कोणीच आपल्यासारखं दिसत नाही. कॅमेऱ्याला अगदी चिकटून एक खुर्ची ठेवतात आणि तिथे घरातलं एक माणूस बसवतात. ज्याचा फोटो त्याने त्या माणसाकडे बघायचं. गेल्या गुरुवारी त्या खुर्चीत मी बसले. आई नीट केस विंचरून, तिचा तो राखाडी स्वेटर घालून समोर. प्योबाईंनी सहा-सात फोटो काढले आणि थांबल्या. “आजी, तुम्ही हिच्याकडे ‘जेवलीस का’ असं विचारल्यासारखं बघताय.” आई म्हणाली, “जेवलीच नाहीये ती, बघा की तोंड!” बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “हा फोटो लागेल तेव्हा त्याच्या शेजारी उभं कोण राहणार?”

आई बराच वेळ स्वेटरचं बटण चाचपत होती. मग म्हणाली, “मुलगा. पण तो येणार नाही. मीच हाकललाय त्याला.”

दादा, बाबांचा तो फोटो. धक्क्यावर जाळी ओढता ओढता बाबा गेले, साठीही झाली नव्हती, फोटो कोणी काढून ठेवणार? तू तुझ्या मोबाईलमधला दिलास. नारिंगी रबरी पँट, हातात भलामोठा ऑक्टोपस, आणि तोंडभर हसू. मला अजूनही वाटतं, बाबांचा त्याच्याइतका खरा फोटो दुसरा नव्हता. तू मामाला आणायला स्टँडवर गेलास आणि हॉलमधला माणूस माझ्याकडे आला. म्हणाला, “ताई, या कपड्यात बरं दिसत नाही, लोक नावं ठेवतील. कॉम्प्युटरवर सूट चढवून देऊ का?” मी बावीस वर्षांची होते, तिथे लागलेल्या फोटोंत सगळ्यांचे बाबा सूटमध्ये होते. मी हो म्हटलं. टायचा रंगसुद्धा मीच निवडला, निळा.

आणि फोटो आला तो कोणा दुसऱ्याच्या मानेवर ठेवलेलं बाबांचं डोकं. जन्मात टाय न लावलेला माणूस. आईने विचारलं, “हे कोणी केलं?” तू माझ्याकडे बघितलंस. माझं तोंड उघडलंच नाही. आणि तू म्हणालास, “मी.” सगळ्या नातेवाइकांसमोर ती तुला बोलली, बाप जिवंत असताना ओळखला नाहीस, मेल्यावर तरी ओळखायचास. तिसऱ्या दिवसापर्यंत तू त्या फोटोशेजारी उभा राहिलास, येणाऱ्या प्रत्येकाला वाकून नमस्कार केलास, आणि मग सोकचोला गेलास तो गेलासच. तीन वर्षं झाली. तू मला एकदाही बोलून दाखवलं नाहीस, आणि मी त्याचा फायदा घेत राहिले.

गुरुवारी त्या खुर्चीत बसूनच मी आईला सगळं सांगितलं. निळ्या टायसकट. तिला रडू येईल असं वाटलं होतं. ती उठली, माझ्याजवळ आली आणि माझ्या पाठीत इतका जोरात धपाटा घातला की ट्रायपॉड हलला. “तीन वर्षं माझ्यासमोर बसून भात गिळत होतीस, आणि हे पोटात ठेवलंस?” मग तशीच उभी राहिली, हात माझ्या पाठीवरच. म्हणाली, “आणि त्या गाढवाने तरी सांगायचं ना.” प्योबाईंनी लेन्सला टोपण लावलं. म्हणाल्या, आज नको, चुसॉकच्या सणाच्या आदल्या शनिवारी या, सकाळी दहाला, तोवर पैसे मी ठेवून घेते.

तर पत्र यासाठी. फोटोग्राफर कोण हे विचारायला नव्हे, ते ठरलंय. आईने तुझा नंबर तीनदा काढला आणि तीनदा फोन पालथा ठेवला. चूक तिची आहे हे तिला कळलंय, पण ते फोनवर म्हणता येईल अशी ती बाई नाही, तू तिचाच मुलगा आहेस, तुला माहीत आहे. माझी चूक मात्र मी लिहून देते आहे. तू मला माफ नाही केलंस तरी चालेल, पण तिच्यासमोर येऊन बस. काल तिने राखाडी स्वेटर धुऊन सावलीत वाळत घातला आणि एकदम म्हणाली, त्याची उंची जास्त आहे, त्या खुर्चीत बसला तर मला मान वर करावी लागेल. प्योबाई म्हणतात, मान थोडी वर असली तर छान, पण खुर्ची खिडकीच्या बाजूला ठेवायची की दाराच्या, ते बसणाऱ्यानेच सांगावं. तुला काय वाटतं, दादा, कुठे ठेवू?

तुझीच, तेव्हा गप्प बसलेली,
ये-सुल