आप्पांचा उजवा हात

१८ नोव्हेंबर
आज पाच खांदे, दोन कंबरा, एक मान. सगळी चाकणची गिऱ्हाइकं, फर्स्ट शिफ्ट सुटली की थेट मोशीत माझ्या खोलीवर. वेल्डिंगवाल्या भावाचा हात आज कानापर्यंत गेला. म्हणाला, "ताई, जादू हाय तुमच्या अंगठ्यात." जादू कसली राव, तीन वर्षं तांदूळ मळलाय. मी कंपनीत होते तेव्हा तिथल्या चिनी लिनबाईंनी त्यांच्याकडचं मालिश शिकवायचं कबूल केलं, आणि पहिल्याच दिवशी तांदळाची पिशवी पुढ्यात ठेवली. माणसाला हात नंतर. त्यांच्या देशात म्हणे सगळे असंच शिकतात. त्या परत गेल्या, पिशवी आहे. फक्त आत आता आपला इंद्रायणी तांदूळ.

संध्याकाळी भोसरीला, माहेरी. आप्पा डाव्या हाताने टोपी घालत होते. "काय न्हाई, झोपंत आखडलाय." आई म्हणाली, महिना झाला.

२१ नोव्हेंबर
हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. फोटोत हाड ठीक. खांद्याचा सांधा आखडलाय, साखरही वाढलीये. व्यायाम करा, वेळ लागेल. आप्पांनी एकच विचारलं, "चैत्रापत्तोर वर जाईल का?" डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

आप्पा तालमीचे जुने वस्ताद, आणि चैत्रात गावच्या जत्रेचा आखाडा. शेवटच्या कुस्तीत जिंकलेल्या पैलवानाचा हात आप्पा वर करतात, मी शाळेत असल्यापासून. म्हटलं, या वेळी डाव्याने करा. असं बघितलं, जसं काही मी शेण खाल्लं.

२२ नोव्हेंबर
सांगून टाकलं. मी करते. चैत्रापर्यंत हात वर.
आप्पा: "आख्ख्या तालमीची अंगं रगडली म्या. मला शिकवती व्हय सुमे? आन त्ये बी चिनी! चिनी माल दोन दिस टिकत न्हाई."
आई: "मग घाला टोपी डाव्या हातानं."
आप्पा भिंतीकडे तोंड करून बसले. बसू देत. मीही त्यांचीच पोर.

२३ नोव्हेंबर
तांदळाची पिशवी घेऊन गेले आणि त्यांच्यासमोर मळत बसले. मुठीची कड, मनगट सैल, एका लयीत. शेवटी आप्पांनी मान वळवली. मग, "मनगाट चांगलं हाय." आणि सदरा काढला!

त्यांना काय माहीत हे मनगट कुठलं. लहानपणी तालमीच्या दारात उभी राहायचे, मुलींना आत येऊ देत नसत. पैलवानांच्या पाठीवरून आप्पांचा हात कसा फिरतो ते तिथूनच पाठ झालं. लिनबाईंनी नंतर त्याला वळण लावलं.

बोटं जिथवर पोचली तिथे दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण केली. छातीच्या जरा वर.

९ डिसेंबर
फजिती. लिनबाईंची पद्धत म्हणजे नाडी आणि जीभ बघायचीच. आप्पांच्या जिभेचा फोटो काढून त्यांना पाठवला. लगेच फोन, आवाज घाबरा. जीभ काळी! आजच हॉस्पिटल! आप्पांना चपला घालायला लावल्या. आई आतून म्हणते, "अगं, मिशरी हाय ती."
मिशरी आप्पांनी सोडलीये. देवासमोर, शपथ घेऊन.
चपला काढत म्हणाले, "औषद म्हणून लावतो."
मग लिनबाईंना मोडक्या हिंदीत समजावताना नाकी नऊ. जळकी तंबाखू. हो, दाताला. हो, मुद्दाम. बाई हसून हसून बेजार. यापुढे आधी चूळ, मग जीभ.

२ जानेवारी
खूण हनुवटीला! सुंठ, दालचिनी, खडेमीठ तव्यावर गरम करून फडक्यात बांधते, त्याचा शेक. लिनबाईंकडे एक वाळका पाला पेटवून खांद्याला धग देतात, वास थेट आपल्या दवण्याचा. आप्पांना विचारलं. "दवणा देवाला. खांद्याला न्हाई." बरं बाबा.

२० जानेवारी
आप्पांना घाई झाली. जुना चेला शंकर, त्याला घरी बोलावून हाताला हिसडा मारून घेतला. तालमीत असंच करायचे म्हणे. आता हात छातीलाही जात नाही. शंकर मान खाली घालून, "वस्तादांनीच सांगितलं, ताई." खरंय, वस्तादांना नाही कोण म्हणणार? मी म्हणणार. म्हटलंच, "आप्पा, इथे वस्ताद मी. पटत नसेल तर सांगा." शेजाऱ्यांनी ऐकलं असेल.

परत डॉक्टर. फाटलं काही नाही, नशीब. आठ दिवस नुसता शेक.
मी निघताना आप्पा म्हणाले, "चेल्यानं वस्तादाच्या शिव्या खायच्या असत्यात. खाल्ल्या."

१७ फेब्रुवारी
पुन्हा हनुवटी. आज मध्येच म्हणाले, "अंगठा न्हाई, कोपर लाव. हळू. हां." केलं तसं. त्यांचंच बरोबर होतं. लिनबाईंना व्हिडिओवर दाखवलं. त्यांच्या गुरूंची कोपराची रीत हीच. आप्पांना सांगितलं तर मिशीत हसले. चिनी मालाला नाव ठेवलं नाही आज.

१५ मार्च
कान! स्वतःची टोपी उजव्या हाताने घातली. आई आत जाऊन डोळे पुसून आली. मलाही रडू आलं, त्यांना दिसू दिलं नाही. पण कान म्हणजे डोक्याच्या वर नव्हे.

२ एप्रिल
कपाळाच्या वर चार बोटं, तिथे अडकलंय. दहा दिवस तीच खूण. जत्रेची मंडळी घरी आली. वस्ताद, औंदा हात वर करायला दुसरं कोणी बघू का? आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मीच म्हटलं, "नको." ते गेल्यावर चौकटीवरची खूण परत बघितली, तिथेच. पण शब्द मागे घेणार नाही. इतके खांदे सोडवलेत, हाही सुटेल.

११ एप्रिल
उद्या आखाडा. दुपारी मालिश झालं. खूण करायला चौकटीकडे वळले तर आप्पा म्हणाले, "चौकट कशाला? माणसाचा हात जड असतो. हिकडं ये."

मला खोलीच्या मधोमध उभं केलं. माझं मनगट धरलं, उजव्या हाताने. खांदा, कान, कपाळ. तिथे हात थांबला. मी हात ढिला सोडला होता, त्यांना ओझं कळावं म्हणून.
"जिकलेला पैलवान असा हात सोडतो व्हय? त्यो सोताच वर नेतो. ने की!"
मी नेला. दोघांचे हात डोक्याच्या वर, सरळ. आईने टाळ्या वाजवल्या. आप्पा बराच वेळ मनगट सोडेनात. जोर त्यांचा किती आणि माझा किती, मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

तालमीच्या आत कधी गेले नाही मी. उद्या आखाड्याच्या दोरीला टेकून उभी राहणार आहे, अगदी पुढे. सुंठ कुटून ठेवली. निघायच्या आधी एकदा शेक द्यायचाय.