लाल दोऱ्याची वाट

आबा, मी घाबरलेय. सांगलीत माझ्या कामाचं प्रदर्शन लागलंय, आणि आज दुपारी तिथं मी पुन्हा तीच चूक केली, जी नऊ वर्षांची असताना केली होती.

आधी काम काय ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, पोरीनं शिकून काय दिवे लावले. मेंढरांभोवती तुम्ही लावायचा ती जाळी, आपली वाघर, मी भिंतीवर टांगलीय. तिच्यावर लोकर थापलीय, माळावरची माती चिंचोक्याच्या खळीत कालवून लावलीय, आणि मधोमध आपल्या टेकडीचा फोटो कापडावर छापून शिवलाय. माणूस आणि रान एकमेकांना कसं धरून असतात, असलं काहीबाही मी बघायला येणाऱ्यांना समजावते. त्या फोटोवर लाल दोऱ्यानं एक वाट टाचलीय, शेवटच्या बाभळीपासून लांडग्याच्या बिळापर्यंत. ती वाट कुणी खरंच चालेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तुम्ही लांडग्याचं नाव घेत नव्हता. 'त्यो' म्हणायचा. कोकरू गेलं की आई कडाकडा बोटं मोडायची आणि तुम्ही घोंगडी झटकत म्हणायचा, "आगं, त्येचा बी वाटा हाय. रान काय आपल्या एकट्याचं हाय व्हय?" बीळ तुम्ही मला एकदाच दाखवलंत, लांबून, तोंडावर बोट ठेवून. पंधरा दिवसांत कुणीतरी तिथं धूर घातला. पिल्लं आतच गुदमरली. मला अजून दिसतं, तुम्ही बिळाशी उकिडवे बसलाय, मी मागं उभी आहे. बीळ ठाऊक होतं तिघांनाच: तुम्हाला, मला आणि तात्याला. मी पडले पोर. तुम्ही सख्ख्या भावावर संशय घेतलात आणि शेवटपर्यंत त्याच्याशी बोलला नाहीत.

आज गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस फोटोसमोर बराच वेळ थांबला. "मॅडम, हे खरं बीळ आहे?" मी म्हटलं, "खरं म्हणजे? आत्ताही पिल्लं आहेत तिथं." काय तो माझा तोरा! "गाव कुठलं?" आणि मी गाव सांगितलं, आबा. इथं लिहायलाही आता हात धजत नाही. त्यानं मोबाइलवर त्या वाटेचा फोटो घेतला, "रविवारी चार गाड्या काढतो," म्हणाला आणि गेला. कात्री आणून सगळा दोरा उसवला, पण कापडावर सुईची भोकं राहिलीत. वाट अजून दिसते.

त्या माळावर आता एकटा तात्याच मेंढरं राखतो. त्याला फोन लावला.

"तात्या, बिळाकडं माणसं येणार हायती. माझ्याच तोंडातनं गेलं."

तो म्हणाला, "बरं. उद्यापास्नं मी तितंच बसतो. गाड्या आल्या तर माघारी धाडतो. पर पोरी, तवा तुज्या बानं माज्यावर आळ घेतला हुता. मरंस्तवर बोलला न्हाई. लय लागलं गं."

मी नुसतं "व्हय" म्हटलं. तिथंच सांगायला हवं होतं, पण मी फोन ठेवून दिला. रविवारची भीती वाटते, आणि त्याहून जास्त तात्याची.

आबा, तेव्हा पलीकडच्या वस्तीवरच्या माणसांना बीळ मी दाखवलं होतं. त्यांनी विचारलंही नव्हतं. मला ठाऊक आहे, एवढंच मिरवायचं होतं.

हा कागद कुठं जाणार नाही. तुम्हाला अक्षरओळख नव्हती, तात्याला वाचता येतं. म्हणून तर त्याला सोडून तुम्हाला लिहिलं.