आकाशी कासवावर चार कॅमेरे

ला पास,
झावळ्यांच्या रविवारआधीचा शुक्रवार

अत्यंत आदरणीय अन्सेल्मोदादा,

तुमच्या बहिणीचा नवरा सातुर्निनो याचा टोपी काढून नमस्कार. (पत्रात ते दिसत नाही, पण मी ती खरोखरच काढून शेजारच्या स्टुलावर ठेवली आहे.) तिकडे तारिह्यात द्राक्षांची तोडणी उरकली असेल, तुमचा गुडघा उबदार हवेत नरमला असेल आणि वहिनींचा खोकला एव्हाना कुणाच्या लक्षातही नसेल, असं धरून चालतो. इकडे सगळे ठीक. तुमची बहीण रेमेदियोस ठीक आहे, माझ्याशी जेवणापुरतं बोलते. तुमची भाची नायरा ठीक आहे, ती तेवढंही बोलत नाही. इल्यिमानी डोंगर ठीक आहे, आज सकाळी धुऊन वाळत घातल्यासारखा पांढरा दिसत होता. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या शनिवारी तुमच्या भाचीचं लग्न आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. ते होईल की नाही हे मात्र सध्या कुणालाच ठाऊक नाही, आणि त्याला कारण आमची गाडी.

गाडी तुम्ही पाहिलेली नाही. तीच ती गोल पाठीची, जिला इकडे सगळे कासव म्हणतात. मी ती भंगारातून उचलली आणि इस्त्र्या-मिक्सर दुरुस्त करता करता फावल्या वेळात एकट्याने उभी केली. कुठल्या कॉलेजात गेलो नाही, कुणाला विचारलं नाही. रंग आकाशी. (निळा नव्हे. निळा म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलं आहे, पण तुम्ही म्हणू नका.) नायरा याच गाडीतून चर्चला जाणार, हे ती शाळेत असल्यापासून ठरलेलं आहे. आमच्याकडे गाडी ठेवायला अंगण नाही, म्हणून कासव दारासमोर चढावरच उभं असतं, चाकामागे दोन दगड लावून. दुपारी ढग खाली उतरले की त्याच्या पाठीवरून सरकतात, आणि रोपवेचे डबे वरून जाताना त्यांच्या सावल्या त्याच्यावरून अशा अलगद जातात, जणू झोपलेल्या मुलाच्या अंगावरून कुणी हात फिरवावा. मी हे पुष्कळदा पाहत बसतो. असो.

कार्निव्हलच्या मंगळवारी गल्लीतल्या प्रत्येक गाडीची चाल्या-पूजा झाली. टपावर कागदी फिती, काचेवर फुलं, चारही चाकांवर दारू, पहिला घोट धरणीमातेला, दुसरा मालकाला, आणि पुढचे मोजायचे नसतात. लेआंद्रो चोके आमच्या दारात बाटली घेऊन उभा राहिला. लेआंद्रो म्हणजे समोरच्या घरातला. आयुष्यभर युंगासच्या कड्यांवरून मिनीबस चालवली, आता निवृत्त. माझा वीस वर्षांचा मित्र आणि नायराच्या लग्नाचा धर्मपिता. मी त्याला बाटली उघडू दिली नाही. अल्कोहोलने रंगाचा वरचा थर कसा मऊ पडतो, साखरेने गंज कसा धरतो, हे मी त्याला आणि जमलेल्या मंडळींना सविस्तर समजावून सांगितलं. (थोडं लांबलं. दोघंजण मध्येच निघून गेले.) लेआंद्रो एवढंच म्हणाला, "बरं बाबा, तुझी गाडी, तुझं विज्ञान," आणि बाटली कोटाखाली सारून गेला.

त्यानंतर ईस्टरआधीच्या उपासाच्या पहिल्या आठवड्यापासून गाडीवर हल्ले सुरू झाले. चाकांपाशी चिकट डाग, बंपरवर जांभळट ओघळ, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बॉनेटवर ओरखडे. तेही कसे, तर बारीक, गोलसर, एकाच दिशेने वळलेले. हे चाल्येचे डाग असतील का, असाही विचार मी केला होता (मी सगळे विचार करतो), पण चाल्येला कागदी फिती लागतातच आणि इथे एकही फीत सापडली नाही, म्हणून तो विचार मी बाद केला. भिंगाने ओरखड्यांची वळणं तपासली आणि कागदावर गुन्हेगाराचं वर्णन लिहून काढलं: डावखुरा, मध्यम उंचीचा, कमरेला धातूचं काहीतरी घालणारा, गाडीशी रोज जवळीक करणारा, आणि या गाडीविषयी मनात काहीतरी खोल धरून बसलेला माणूस. आमच्या गल्लीत डावखुरा माणूस कोण? लेआंद्रो. पट्टा कोण घालतो? लेआंद्रो. आणि बाटली परत न्यावी लागल्याचा सल कुणाच्या मनात आहे? मी रेमेदियोसला म्हटलं, सगळं जुळतं. ती म्हणाली, "तुमचं सगळं नेहमीच जुळतं. म्हणूनच भीती वाटते."

म्हणून मी कॅमेरे बसवले. चार. माहितीपत्रक चिनी भाषेत होतं, ते मी चित्रांवरून वाचलं. पहिला बाल्कनीच्या कठड्याला, बॉनेटवर रोखलेला. दुसरा विजेच्या खांबावर, मागच्या बाजूला. तिसरा जिरॅनियमच्या कुंडीत, चाकांच्या उंचीला. चौथा गच्चीच्या कोपऱ्यात लावला, पण त्याचा स्क्रू ढिला पडून तो मान वर करून बसला आणि नुसतं आकाश टिपू लागला. तो मी सरळ करणार होतो. पण दादा, दुकानात गिऱ्हाईक नसताना मी पडद्यासमोर बसू लागलो, आणि काय सांगू, हल्लेखोर शोधायचं राहूनच जायचं. पहिल्या कॅमेऱ्यात ढग बॉनेटमध्ये उतरलेले दिसायचे. दुसऱ्यात पाववाल्याची टोपली चढ चढून यायची, आधी पाव, मग टोपली, मग माणूस. कुंडीतल्या कॅमेऱ्यासमोर सगळी गल्ली फक्त पावलांची होती. मी हळूहळू सगळ्यांना पायांवरून ओळखू लागलो, आणि काही पायांबद्दल मला इतकी माया वाटू लागली, जेवढी त्यांच्या तोंडांबद्दल कधी वाटली नव्हती. चौथ्यात रोपवेचे डबे आकाशातून जात, आत कुणीतरी बसलेलं, कुठेतरी निघालेलं. सॉल्टेन्याची गरम करंजी हातात धरून मी बसे, आतला रस्सा बाहीवर सांडे, आणि आपण हे आधी कधी का पाहिलं नाही, एवढाच विचार मनात येई.

तरीसुद्धा काम हे काम. लेआंद्रो सापडला. भर दुपारी, सगळे जेवून आडवे झालेले असताना, चाकांपाशी वाकलेला, हातात बाटली. मी ते एवढंच पाहिलं आणि तिथेच थांबवलं. (पुरावा हाती आल्यावर पुढचं पाहायची गरज नसते, अशी तेव्हा माझी समजूत होती.) गल्लीच्या सभेत हे सर्वांसमोर मांडायचं मी ठरवलं. रविवारी चर्चनंतर सगळे शाळेच्या खोलीत जमले. मी भिंतीवर चादर लावली, पाद्रीबाबांचा प्रोजेक्टर मागून आणला आणि प्रत्येक तुकड्याला मोठ्या अक्षरांत शीर्षक दिलं.

दिवे मालवले आणि चादरीवर आमची गल्ली उजळली. मी छडी घेऊन बोलायला उभा राहिलो, पण ऐकतंय कोण? "अगं बाई, मागून माझा घागरा असा दिसतो होय?" "ए फिदेल, दिवसाकाठी पाववाल्याकडे किती फेऱ्या मारतोस रे? पावासाठी की पाववालीसाठी?" "गप, माझं कुत्रं येतंय बघ, ते बघ, आलं!" आपलीच गल्ली लोक अशी पाहत होते, जणू फार लांबचा प्रवास करून पहिल्यांदाच तिथे पोचले होते. मी छडी आपटत राहिलो. तेवढ्यात पुढचा तुकडा लागला. त्यावर मी दिलेलं शीर्षक होतं 'संशयित क्रमांक दोन'. एक म्हातारा माणूस पावाची पिशवी घेऊन चढावर येतो, आमच्या गाडीशी थांबतो, बॉनेटवर हात टेकतो, दम घेतो, वर पाहतो.

पुरुषांनी टोप्या काढल्या. तो बासिलिओ होता. उपासाच्या तिसऱ्या आठवड्यात वारला. त्याची बायको एउफेमियाबाई पहिल्या रांगेत बसली होती.

"जरा मागे घ्या ना, सातुर्निनो," ती म्हणाली.

मी मागे घेतलं. तो पुन्हा चढून आला, पुन्हा टेकला, पुन्हा वर पाहू लागला.

"अजून एकदा."

त्या चादरीवर 'संशयित क्रमांक दोन' ही अक्षरं त्याच्या डोक्यावर ठळकपणे तरंगत होती, दादा, आणि ती पुसायची कशी हे माहितीपत्रकात नव्हतं.  

मग लेआंद्रोचा तुकडा आला, आणि या वेळी तो पूर्ण लागला. लेआंद्रो येतो. इकडेतिकडे पाहतो. टोपी काढतो, बगलेत धरतो. प्रत्येक चाकावर थोडी थोडी दारू सोडतो, बाटलीच्या तोंडावर अंगठा ठेवून, कड्यावरच्या रस्त्याला लागताना ड्रायव्हर सोडतात तशी. खिशातून जांभळी फुलं आणि साखरेच्या गोळ्या काढून बंपरवर ठेवतो. ओठ हलतात. आवाज नव्हता, पण गल्लीतल्या सगळ्यांना ते ओठ वाचता आले.

"अहो, ही तर चाल्या!" मागून कुणीतरी ओरडलं. "सातुर्निनो, इतकं आपलं आपण शिकलात, आणि एवढं नाही कळलं?"

"फिती नव्हत्या," मी म्हणालो.

"फिती लावल्या असत्या तर तुला दिसल्या असत्या, शहाण्या," लेआंद्रो बसल्या जागेवरून म्हणाला.

मी घाईने यंत्र बंद करायला गेलो, पण ते आपोआप पुढच्या तुकड्यावर गेलं. तो मी तपासलाच नव्हता, कारण त्यात मी होतो, आणि मी संशयित नव्हतो. चादरीवर मी गाडी पुसत होतो. डाव्या हाताने, गोल गोल, प्रेमाने. दुकानातला चामडी एप्रन घालून बॉनेटवर ओणवा झालेलो, आणि एप्रनचं पितळी बक्कल रंगावरून गोल गोल फिरत होतं. एउफेमियाबाईसुद्धा हसली. मला तेवढं एक समाधान आहे.

लेआंद्रो मात्र हसला नाही. त्याने टोपी घातली आणि म्हणाला, "ज्या गाडीतून पोरगी जाणार, तिच्यासाठी मी धरणीला हात जोडत होतो. आणि तू वरून माझं टक्कल न्याहाळत होतास. तुझ्या दारचा धर्मपिता होणं मला नाही जमायचं, सातुर्निनो." आणि गेला. नायराने घरी येऊन सांगितलं की तिच्या शेजारी लेआंद्रोकाका उभे राहणार नसतील तर ती चर्चची पायरी चढणार नाही. "आमची नवराबायकोची भांडणं झाल्यावर आम्ही धर्मपित्याऐवजी जायचं कुणाकडे, तुमच्या कॅमेऱ्याकडे?" ती म्हणाली. जावईबापू तिच्या बाजूला. रेमेदियोस तिच्या बाजूला. माझ्या बाजूला एप्रन.

माफी मागावी असं मलाही वाटतं. पण माफी ही गोष्ट नेमकी मागितली गेली पाहिजे, आणि नेमके शब्द जुळेपर्यंत मी त्याच्या दारापर्यंत जाऊन परत येतो. बाकी विशेष काही नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
सातुर्निनो किस्बेर्त

ता.क. एक बारीकसं काम होतं. लेआंद्रो तुम्हाला फार मानतो. तुम्ही त्याला एक पत्र लिहावं, अगदी आपल्या मनाने लिहिल्यासारखं. मजकूर साधारण असा असू द्या (असाच असू द्या): 'सातुर्निनोला मी ओळखतो. त्याला यंत्रं कळतात, माणसं उशिरा कळतात. आमच्या भाचीच्या वाटेसाठी तू दुपारची झोप मोडून उन्हात उभा राहिलास, हे त्याने पाहिलं आणि तेव्हापासून त्याला धड जेवण जात नाही. तो तुझ्याकडे येईल, पण त्याला वेळ लागेल. तोवर तू त्याला सोडू नकोस.' मी सांगितलं हे कळता कामा नये. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावं.

ता.क. दुसरा. येताना तारिह्याच्या चांगल्या सिंगानी दारूची बाटली आणावी. तीन कॅमेरे मी उतरवले आहेत. चौथा तसाच ठेवला आहे. तो कुणाकडेच पाहत नाही.

ता.क. तिसरा. दादा, हे अक्षर माझं, रेमेदियोसचं. यांनी चार दिवसांपूर्वी पत्र टपालात टाकायला दिलं. मी गल्ली ओलांडली आणि लेआंद्रोभाऊजींना सगळं वाचून दाखवलं, पहिला ता.क. दोनदा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, एकदा नाक शिंकरलं, आणि एकच हरकत घेतली, की साखरेच्या गोळ्या नव्हत्या, बडीशेपेच्या होत्या. ते लग्नाला उभे राहणार आहेत. नायराला कळलंय, साऱ्या गल्लीला कळलंय. तुम्ही ते वेगळं पत्र लिहायची गरज नाही. फक्त यांना एवढ्यात काही कळवू नका. हल्ली रोज सकाळी हे गाडीपाशी उभे राहून माफीची तालीम करतात, हातवारे करून, टोपी काढून, पुन्हा घालून, आणि आम्ही सगळे आपापल्या खिडकीतून बघतो. लेआंद्रोभाऊजी खुर्चीच टाकून बसतात. म्हणतात, रोज थोडी सुधारणा आहे, लग्नाच्या शनिवारपर्यंत होऊ दे त्याचं पाठ.