मागची चेन, पुढची बटणं

४ मार्च, सोमवार

आज दुकानात जाऊन आले. जाऊन आले म्हणजे पळून आले.

जाऊबाई घेऊन गेल्या होत्या. बायकांच्या आणि लहान मुलांच्या रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे, मालकीणबाई त्यांच्या ओळखीच्या. गिऱ्हाइकाला कपडे दाखवायला एक मुलगी हवी आहे म्हणे. जाऊबाई काल जेवताना सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिला नेते. किती दिवस खोलीत कोंडून घेणार?" मला विचारलं नाही. मी पण नाही म्हटलं नाही.

मालकीणबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाल्या, "हा ड्रेस मीच विकलाय. हिला." आणि जाऊबाईंकडे बोट केलं. दोघी हसल्या. मी पण हसले. काय करणार!

मग म्हणाल्या, "माझ्याकडे युनिफॉर्म नाही. मुलीच्या अंगावर बघून गिऱ्हाईक कपडा मागतं. तर दुसऱ्याचं घालून येऊ नको. तुझं असं काहीतरी घाल. पुढच्या सोमवारी ये, दिवसभर उभी राहा, मग बघू." बाळाचं विचारलं तर म्हणाल्या, "आण की. माझी तिन्ही याच काउंटरमागे वाढली. फक्त गिऱ्हाइकासमोर तारांबळ नको."

तेवढ्यात बाळ रडायला लागलं आणि मी निघालेच. "येते" असं पण नीट म्हटलं नाही.

५ मार्च, मंगळवार

कपाट उघडून बसले. लग्नाच्या आधीचे दोन ड्रेस आहेत, ते आता काखेत अडकतात. बाकी सगळं जाऊबाईंचं. त्या देतात ते चांगलंच असतं, फाटकं कधी देत नाहीत. पण त्या उंच, बारीक. त्यांना शोभतं. माझ्या अंगावर ते दोरीवर वाळत टाकल्यासारखं दिसतं.

आणि सगळ्यांना चेन पाठीमागे.

त्या चेनचं आज लिहूनच टाकते. कुणाला सांगितलेलं नाही. बाळाचं वजन करायला दवाखान्यात गेले होते तेव्हाची गोष्ट. रांग मोठी, बाळ भुकेनं लालबुंद. चेन मागे, त्यामुळे पाजायचं म्हणजे सगळाच ड्रेस उतरवायला लागणार. संडासात गेले. एका हातात बाळ, दुसरा हात पाठीमागे. चेन अर्ध्यावर अडकली. वर पण जाईना, खाली पण येईना. बाहेरून दार ठोकतायत, कोण तरी म्हणतंय, "आत झोपली का काय?" बाळाचा आवाज बसला रडून. शेवटी हिसका दिला तर शिवण उसवली. तशीच, पाठ भिंतीला लावत लावत बाहेर आले. सगळे बघत होते.

तेव्हापासून बाहेर जायचं म्हटलं की मी काहीतरी काम काढून घरातच बसते. सासूबाई विचारतात, "एवढी कसली भीती गं?" आता कसली म्हणून सांगू. बाळ हातातून पडेल, गाडी येईल, ते रडेल, लोक बघतील. सगळ्याचीच.

७ मार्च, गुरुवार

ठरवलं, बायकांकडे बघायचं. कोण काय घालतं, कसं घालतं. खिडकीत बसायला तर भीती वाटत नाही.

समोरची भाजीवाली. पोटावर खिसेवालं फडकं बांधते, हा एवढा मोठा खिसा. सुटे पैसे, चाकू, मोबाईल सगळं त्यात. बोलताना दोन्ही हात मोकळे. मला ते फार आवडलं.

शाळेतली शिपाईबाई. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. घंटा द्यायला हात उचलते तेव्हा वाटतं, हिला काही बोलायची कुणाची टाप नाही.

एक म्हातारी रोज पिशवी घेऊन जाते. पायात लालभडक मोजे. बाकी सगळं राखाडी, मोजे लाल! तिला कुणी विचारत असेल का? विचारलं तरी तिला फरक पडत नसेल.

समोरच्या भिंतीवर सिनेमाचं पोस्टर आहे, त्यातल्या बाईनं डोक्याला रुमाल बांधलाय तसा मी पण बांधून बघितला. हे टेम्पो लावून आत आले, बघून म्हणाले, "दाढ दुखतेय का?"

काढून टाकला.

८ मार्च, शुक्रवार

आज यांना सांगितलं की नाही जात मी सोमवारी. यांनी आधी बूट काढले, बाळाला घेतलं. मग म्हणाले, "तुला जायचं नाहीये का तुला भीती वाटतेय? दोन्ही वेगळं असतं." रोज रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या माणसाला मी काय सांगणार. पण खरं सांगायचं तर मला जायचं आहे. त्या दुकानात कपड्यांच्या घड्यांचा वास येतो, नव्या कापडाचा. मला त्यात उभं राहायचं आहे. या खोलीत राहिले तर मी अशीच होऊन जाईन, दार वाजलं तरी दचकणारी. आणि माझं बघून बाळ पण तसंच होईल. ते तर मला नकोच आहे.

सोमवारी नाही गेले तर परत कुणी बोलावणार नाही. मी पण परत धीर करणार नाही.

९ मार्च, शनिवार

सुचलं! यांच्या दोन जुन्या शर्टांचा माझा ड्रेस. एक निळ्या पट्ट्यांचा, कॉलर झिजलेली, बाकी धड. एक गडद निळा, त्याच्या कोपराला भोक. पट्ट्यांचा वर, साधा खाली चुण्या घालून. समोरची बटणाची पट्टी आहे तशीच ठेवायची, कारण मला काजं करता येत नाहीत. कॉलर कापायची. खिसा ठेवायचा. बाह्या कोपरापर्यंत. खालचा भाग गडद, बाळानं दूध काढलं तरी दिसणार नाही.

सासूबाईंकडे हातमशीन आहे. मागायला गेले तर म्हणाल्या, "नवऱ्याचे शर्ट फाडून काय दिवे लावणार आहेस?" सांगितलं. मग मशीनवरचं फडकं काढलं, चाकात तेल सोडलं, म्हणाल्या, "तू कापड धर. मी हँडल फिरवते. तुझा एक हात पोरात असतो, वाकडी शिवण येईल."

त्यांनी उशांचे अभ्रे आणि परकर सोडून काही शिवलेलं नाही. मी शाळेत असताना रुमालाला टीप घातली होती तेवढीच. दोन आंधळ्यांनी रस्ता ओलांडावा तसं चाललं होतं. चुण्या एकीकडे जास्त आल्या. सासूबाई म्हणाल्या, "त्या बाजूला बाळ घे. झाकून जाईल."

दुपारभर दोघी हसत होतो. या घरात त्यांना हसताना मी पहिल्यांदा ऐकलं.

१० मार्च, रविवार

घालून बघितला. आरशात मी होते. आणखी काय लिहू. जाऊबाई नव्हत्या, पोस्टरवरची नव्हती, मीच होते.

मग जाऊबाई आल्या. फिरायला लावलं. म्हणाल्या, "छान आहे गं. पण बटणं उलटी आहेत."

मला कळेना. त्यांनी स्वतःचा शर्ट दाखवला. बायकांच्या कपड्याला उजवी बाजू वर येते, पुरुषांच्या डावी. माझी पुरुषांसारखी! शर्टाची पट्टी आहे तशी ठेवली, दुसरं काय होणार. लग्न होऊन आल्यापासून यांच्या शर्टांना इस्त्री करतेय आणि मला हे माहीत नव्हतं.

"आपल्या माणसांना नाही कळणार," जाऊबाई म्हणाल्या, "पण तिथे मागे शिवणकामाचा मास्तर बसतो. कपड्याच्या दुकानात तर लगेच कळेल." मग त्यांच्या खोलीतून हिरवा ड्रेस आणला. नवा कोरा, किमतीची चिठ्ठी पण काढलेली नाही. "हा घाल उद्या. अजून कुणी घातलेला नाही, म्हणजे तुझाच."

मला त्यांच्याबद्दल काही कळत नाही. बाळाला कधी घेत नाहीत, ऑफिसचे कपडे चुरगळतात म्हणतात. त्यांच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. सासूबाई त्याबद्दल एक शब्द काढत नाहीत आणि तेच सगळ्यात मोठ्यानं ऐकू येतं. आणि आज हा नवा ड्रेस देतात.

उसवायला वेळ नाही. उसवून करणार तरी काय, काजं येत नाहीत.

हिरवाच घालते. माझं डोकं चालत नाही.

११ मार्च, सोमवार

सकाळी हिरवा घातला. सुंदर दिसत होता. निघायच्या आधी बाळाला पाजायला बसले आणि हात आपोआप पाठीमागे गेला. चेन.

डोळ्यासमोर दवाखान्याचा तो संडास आला.

हिरवा काढला. उलट्या बटणांचा घातला, वर ओढणी घेतली. सासूबाई दारात उभ्या होत्या, म्हणाल्या, "जा आता, मागे वळून बघू नको, नाहीतर परत येशील." त्यांनीच मला आणि बाळाला चौकापर्यंत सोडलं.

दुकानात मालकीणबाईंनी बघितलं. चांगलं का वाईट ते तोंडावरून कळेना. मागच्या खोलीतून मास्तर कपडे घेऊन आला आणि थांबलाच. "अरेच्चा! ही तर पुरुषी पट्टी!"

खोटं बोलायचं पण सुचेना. म्हटलं, "नवऱ्याचा शर्ट होता." मास्तर म्हणाला, "मग नवरा आता काय घालतो?" मालकीणबाई म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही तुमचं खांदे उसवायचं काम करा."

दिवसभर उभी राहिले. पहिल्या बाईला दाखवताना घडीच सुटून खाली पडली. दुसऱ्या बाईच्या वेळी सुटली नाही. खिशात मोजपट्टी ठेवली, हात मोकळे. दुपारी एक बाई आल्या, त्यांना बारशाला नेण्यासारखा फ्रॉक हवा होता. मी एकामागून एक दाखवतेय, हा बघा, याला अस्तर आहे, हा अंगाला टोचणार नाही. त्या फ्रॉक घेऊन गेल्या.

मालकीणबाई जवळ आल्या. "तुला कळलं का तू काय केलंस?" मला वाटलं काहीतरी फाडलं. तर म्हणाल्या, "ते दाखवता दाखवता तू बाळाला पाजलंस. ओढणीआड. त्या बाईला पत्ता पण लागला नाही."

मी खाली बघितलं. बाळ डाव्या हातावर गाढ झोपलेलं. वरची बटणं सुटलेली. उजव्या हातानं कधी काढली, मलाच ठाऊक नाही.

मास्तर लांबूनच बघत होता. त्यानं हातावर पोर घेतल्यासारखं केलं, दुसऱ्या हातानं हवेत बटण काढून बघितलं. मग बाजू बदलून परत काढून बघितलं. "हं," म्हणाला. "मग बरोबरच आहे की."

"उद्या दुकान उघडायच्या आधी ये," मालकीणबाई म्हणाल्या. "झाडू मारावा लागेल."

मिळालं!

१२ मार्च, मंगळवार

झाडू मारला. फार छान वाटलं.

१६ मार्च, शनिवार

अजून भीती गेलेली नाही, उगाच खोटं कशाला लिहू. रस्ता ओलांडताना अजून जीव मुठीत असतो. पण आता भीती माझ्याबरोबर दुकानापर्यंत येते आणि बाहेर थांबते.

दुसरा शिवायला घेतलाय. या वेळी कापड स्वतः निवडलं. मालकीणबाईंनी विचारलं, "तुला काय आवडतं?" आणि मी उभीच राहिले. मला हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. मी स्वतःला पण नाही. मग हळूहळू सुचत गेलं. उभ्या पट्ट्या. खिसा पाहिजेच. मागे काही नको, जे असेल ते समोर. बाह्या दुमडलेल्या. लाल कुठेतरी, थोडासाच, मला दिसेल एवढा. मास्तरनं लाल दोऱ्यानं काजं करून दाखवली. म्हणाला, "आता तू कर. बाजू तीच ठेव, सुधारू नको."

२० मार्च, बुधवार

एक बाई बाळ घेऊन आल्या. बघतच राहिल्या. मला वाटलं काहीतरी सांडलंय अंगावर. तर म्हणाल्या, "हे असं कुठे मिळतं?"

मी म्हटलं, "मिळत नाही."

मालकीणबाई काउंटरवरून ओरडल्या, "मिळेल! पुढच्या आठवड्यात या!" त्या गेल्यावर मला म्हणाल्या, "आपल्याकडे काही मिळत नाही, असं गिऱ्हाइकाला परत कधी सांगायचं नाही."

२४ मार्च, रविवार

सासूबाई हँडल फिरवत होत्या, मी काजं करत होते. म्हणाल्या, "तू आलीस तेव्हा मला वाटलं होतं, ही पोर वाऱ्यानं उडेल." मी म्हटलं, "आता?" म्हणाल्या, "आता वजन आलंय." मग लगेच, "अंगाचं नाही म्हणत गं, फुगू नको."

जाऊबाई दारातून बघत उभ्या होत्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

३० मार्च, शनिवार

संध्याकाळी जाऊबाई माझ्या खोलीत आल्या. दार लोटलं. म्हणाल्या, "मला एक शिवून दे. तुझ्यासारखाच. बटणं पण त्याच बाजूला." मला वाटलं थट्टा करतायत. तरी मोजपट्टी काढली. आजपर्यंत या घरात कपडा कायम त्यांच्याकडून माझ्याकडे आला. खांदा झाला, छाती झाली. कमरेला पट्टी लावली तर त्यांनी माझा हात धरला आणि पट्टी सैल केली. अजून सैल. अजून थोडी. म्हणाल्या, "एवढी जागा ठेव. आणि इतक्यात कुणाला सांगू नको, मला फार भीती वाटते गं."