औषधखिडकीवरचं नवं अपडेट

शनिवार, १४ मार्च

चि. ढमूस,

आत्याचे आशीर्वाद. तुम्ही दोघं बरे असाल. माझी तब्येत ठीक आहे, डोकं मात्र ठिकाणावर नाही. फोनवर बोलता आलं असतं, पण तू मला मधेच हसवतोस आणि सांगायचं ते राहून जातं.

आमच्या हॉस्पिटलच्या औषधखिडकीवर सोमवारी कॉम्प्युटरचं अपडेट आलं. ते तू बनवलेलं नाहीस हे मला माहीत आहे, पण तुझ्याच बिरादरीतल्या कुणाचं तरी काम आहे, म्हणून तू ऐकून घे. ‘झालं’ हे बटण अकरा वर्षं उजवीकडे होतं, ते आता डावीकडे गेलंय. उजवीकडे काय, तर ‘रद्द करा’. पहिल्याच दिवशी मी सात जणांची औषधं रद्द केली. अक्षरं करडी, मागचा रंगही करडा. त्यात दर पाच मिनिटांनी ‘नवीन काय आहे ते पाहा’ म्हणून एक पिवळी चौकट नेमकी पेशंटच्या नावावर येऊन बसते. ती घालवायची फुली मुंगीएवढी. शिकवायला आलेली बाई अर्ध्या तासात उरकून गेली. वर म्हणते कशी, “दोन दिवसांत सवय होईल.” शेजारच्या खिडकीवरच्या नव्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, “मावशी, मला तर सुटसुटीत वाटतंय.” मला तिचा रागच आला.

मंगळवारी एका लहान मुलीचं पातळ औषध द्यायचं होतं. तिचे वडील खिडकीशी उभे होते. मी बाटलीवर ‘२५ मिली’ लिहून दिलं. दहा मिनिटांत वॉर्डातून सिस्टरचा फोन आला, “ताई, हे अडीच आहे ना?” औषध पाजलं नव्हतं. तिनेच थांबवलं.

मी काय करावं? तडक तक्रारअर्ज लिहिला. नव्या स्क्रीनवर दशांशाचं टिंब दिसत नाही म्हणून. साहेब स्वतः खाली आले. तीच ओळ उघडून म्हणाले, “वाचा बरं.” मी अंदाजाने वाचली.  मग त्यांनी शेजारच्या खिडकीवरच्या मुलीला वाचायला लावलं. तिने लांबून, उभ्या उभ्याच अडीच वाचलं.

ढमू, जुन्या स्क्रीनवर मी वाचतच नव्हते रे. कुठे काय असतं ते हातांना पाठ होतं. नेहमीची औषधं, नेहमीचे डोस. बाकीचं सिस्टरला फोन करून, काहीतरी निमित्त काढून विचारून घ्यायचे. असं दीड वर्ष चाललं होतं. गेल्या वर्षी तू विचारलं होतंस, डोळे तपासलेस का, आणि मी म्हटलं होतं, तपासले, नुसता नंबर वाढलाय. मी गेलेच नव्हते. खिडकी सुटेल ही भीती होती. तुझे आईवडील गेल्यावर तुला वाढवलं ते याच खिडकीवर बसून. दुसरं मला काही येत नाही.

गुरुवारी डॉक्टरांकडे गेले. उजव्या डोळ्याचा पडदा मधोमध खराब झालाय, गेलं ते परत येणार नाही. डाव्याला सुरुवात आहे, तो वाचेल म्हणतात. त्यासाठी डोळ्यात इंजेक्शनं घ्यायची.

काल साहेबांना सगळं सांगितलं आणि तक्रारअर्ज मागे घेतला. (पिवळ्या चौकटीबद्दलचं वाक्य सोडून. ती वाईटच आहे.) खिडकी त्या मुलीला दिली. जाताना वॉर्डात डोकावले. ती छोटी बिछान्यावर बसून बापाशी भांडत होती. मी दारातूनच परतले. त्या माणसाला काय सांगणार होते?

पहिलं इंजेक्शन बुधवारी दहा वाजता आहे. सोबत कुणीतरी लागतं. शेजारीण येते म्हणाली होती, मी तिला नको सांगितलं.

तुझ्याकडे मी आजवर काही मागितलेलं नाही. येशील का?

तुझ्याशी खोटं बोललेली,
तुझी आत्या