हिरवी साडी, कुंकू आणि राजाबाई

प्रिय अक्षता, माझ्या बाळा,

सगळ्यांत आधी कोण आलं सांगू? राजाबाई! रविवारी लग्नाआधीच्या रिवाजाने तुझी-आशुतोषची नावं वाचून "कुणाची हरकत?" विचारल्यावर भर चर्चमध्ये उठून जिने हरकत घेतली, तीच. चपला काढायच्या आधीच म्हणते, "शेवंताबाई, मी पाहिलं तेच बोलले." मी म्हटलं, आधी पाणी पी. तू रागाने पुण्याला मावशीकडे जाऊन बसलीस, फोन बंद, मावशीच्या फोनवरही येत नाहीस, म्हणून हे पत्र पुण्याला निघालेल्या शेजाऱ्यांच्या हाती धाडते. अक्षर लावून वाच, माझी शाळा चौथीपर्यंतचीच.

मागोमाग पाळकसाहेब आणि चर्चचे पंच सितारामभाऊ आले. खुर्च्या पुरेनात, मी आपली पाण्याच्या पिंपावर. सितारामभाऊ खाकरले, "रविवारी पुन्हा नावं वाचायची की लग्न थांबवायचं, ते आज ठरवू." मी घाईघाईने चहा पुढे केला. चहात साखरच घातली नव्हती गं, नंतर कळलं! तिघंही मुकाट्याने प्याले.

राजाबाईने सांगितलं, तू उलव्यात दिसलीस. हिरवी साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, पदरात ओटी, आणि कुणा पुरुषाच्या बाइकवर मागे. "आपल्यात कुंकू लावतात का? पोरगी आधीच लग्न करून बसलीय, आशुतोषला फसवतेय."  मी म्हटलं, तिला एकदा विचारलंत का कुणी? सितारामभाऊ पंख्याकडे बघायला लागले. पाळकसाहेब म्हणाले, "खरंय, विचारायला हवं होतं."

मग आठवलं, उलव्यात तुझी मैत्रीण भाग्यश्री. फोन केला, तर तो तिच्या सासूने, मैनाबाईने उचलला; सगळं ऐकून "मी येतेच" म्हणाली.  ती येईपर्यंत मी मनात प्रार्थना करत होते आणि मधेच राजाबाईच्या साडीला पिको केलाय की नाही ते बघत होते. मन असंच असतं मेलं.

मैनाबाई आली ती लेकाला पुढं घालूनच. "मीच केलं तिचं केलवन! साडी मी नेसवली, कुंकू मी लावलं, वटी मी भरली. आमच्यात लावत नाय, असं पोर बोलली नाय, मान खाली घातली. आन् बाइकवाला ह्यो माझा धनेश, भाग्यश्रीचा नवरा. रिक्षा मिलाली नाय म्हनून सोडायला गेला."

आनंदाने मला पिंपावरून उतरताच येईना! पण सितारामभाऊ राजाबाईवर उसळले, "भर चर्चमध्ये माफी मागा." ती पांढरी पडली. हळूच म्हणाली, "माझ्या गोजराच्या वेळी कुणी उठलं असतं तर..." तिची लेक गोजरा तुला आठवत नसेल. तिचीही नावं तीन रविवार वाचली होती. नवऱ्याला गावाकडे पहिली बायको आहे, हे चर्चमधल्या दोघा-तिघांना ठाऊक होतं. सगळे गप्प बसले. लग्नानंतर फुटलं, आणि पोर माघारी आली. मी म्हटलं, सितारामभाऊ, तेव्हा गप्प बसलेल्यांची माफी आधी आणा, मग हिची बघू.

तर बाळा, रविवारी नावं वाचणार. हे तुला आशुतोषही तिथे येऊन सांगेल. मी लिहिलं ते राजाबाईसाठी. तू तिचं तोंड बघणार नाही म्हणालीस, ते तिच्या कानावर गेलंय. तिने न विचारता बोट दाखवलं, चुकलंच. पण ती का उठली, हे तूही तिला विचारलं नाहीस ना? रागवायचं तर समोर बसून रागव, मी मधे बोलणार नाही. बोलेन, पण थोडंच. ये. राजाबाई, मैनाबाई, पाळकसाहेब, सगळे शनिवारी संध्याकाळी परत येतो म्हणालेत.

तुझीच,
शेवंताआजी